गादी आणि पदवी

वाद घालणारे दोघेही माझ्या परिचयाचे आहेत आणि दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. म्हणूनच त्यांचे बोलणे, मधून मधून चार शब्द आपलेही घालण्याची लेखकाची खोड न सुटल्यामुळे तेवढी भर घालून, बहुतांशी जसेच्या तसे येथे उतरवीत आहे. त्यांतले एक, जालन्याच्या एका जुन्या पेढीवर उभी हयात हिशेब लिहिण्यात घालवलेले मुनीमजी, ज्यांना रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद यांपलीकडचे वाङ्मय वाचण्याची गरज कधी भासली नाही आणि ज्यांच्या नुसत्या शब्दावर मोंढ्यात अजूनही उधारी मिळते. दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील एका व्यवस्थापन-विभागात शिकवणारे, मुनीमजींच्या धाकट्या मुलाच्या वयाचे एक प्राध्यापक. आपल्या विद्यार्थ्यांना उन्हाळी प्रशिक्षणासाठी येथील पोलाद-कारखान्यांत जागा मिळवून द्याव्यात या खटपटीने ते जालन्यास आले होते, आणि ओळखीदाखल विभागाची गुळगुळीत कागदावर छापलेली अहवालपुस्तिका बरोबर घेऊन आले होते. मुनीमजींनी ती पुस्तिका चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एखाद्या नव्या ऋणकोचा जमाखर्च तपासावा तशी वाचली, आणि मगच तोंड उघडले.

"सर, जमेची बाजू भरगच्च आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, चार सत्रे, विपणन, वित्त, मनुष्यबळ, परिसंवाद, कंपन्यांशी झालेले करार, कोणत्या मुलाला पुण्यात किती पगाराची नोकरी लागली त्याचे कोष्टक, सगळे आहे. नावेची बाजू मात्र कोठे छापलेली दिसत नाही."

"नावेची बाजू म्हणजे?"

"किती मुले घेतली, त्यांतली किती विद्यापीठाच्या कक्षेतल्या चार जिल्ह्यांत राहिली, किती जणांनी स्वतःचे काही उभे केले, आणि ज्यांनी उभे केले त्यांतले किती बुडाले. बुडाल्याची नोंद नसलेली वही मी आजवर खरी मानलेली नाही."

प्राध्यापक हसले, पण त्या हसण्यात थोडी दुखावल्याची छटा होती. "मुनीमजी, विद्यार्थी कोठे जातो यावर विद्यापीठाचा अंमल नसतो. आणि आपण ज्याला जिल्हा सोडून जाणे म्हणता, त्याला त्याचे आईबाप उत्कर्ष म्हणतात. घनसावंगीकडच्या किंवा मंठ्याकडच्या पाच कोरडवाहू एकरांवर ज्याचे घर चालते त्याचा मुलगा पुण्याच्या एखाद्या बँकेत अधिकारी झाला, म्हणजे सावकाराचे देणे फिटते, धाकट्याचे शिक्षण मार्गी लागते, बहिणीच्या लग्नासाठी जमीन गहाण पडत नाही. ते कोष्टक आपल्याला पगारांचे वाटते. त्यातला एकेक आकडा एकेका घराचा आहे."

मुनीमजींनी मान डोलावली. एखादी गोष्ट कबूल करावयाची असली म्हणजे ते बोलत नाहीत, असा माझा जुना अनुभव आहे. मग ते म्हणाले, "हे खरे. पण हे यश तुमच्या शास्त्राचे, की पुण्याच्या मागणीचे? पुण्यात उद्या मागणी आटली तर तुमच्या शास्त्रात काय शिल्लक राहील, एवढेच मला विचारायचे आहे."

या प्रश्नावर प्राध्यापकांनी जे विवेचन केले ते थोडे व्याख्यानवजा होते, परंतु त्यातील माहिती मोलाची असल्यामुळे संक्षेपाने देतो. व्यापाराचे शिक्षण विद्यापीठात द्यावे ही कल्पना अमेरिकेतही फार जुनी नाही. हार्वर्ड विद्यापीठाने आपले व्यवसाय-विद्यालय काढले ते १९०८ साली. मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१३ मध्ये, निघाले. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने जमनालाल बजाज व्यवस्थापन-अध्ययन संस्था उभी केली आणि तिच्या घडणीत अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने हातभार लावला. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग १९७१ चा. मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाच मुळी २३ ऑगस्ट १९५८ ची. तोपर्यंत या प्रांतातील महाविद्यालयांना हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा दाखला लागत असे. "म्हणजे," प्राध्यापक समारोपादाखल म्हणाले, "जी विद्या मिळवण्यासाठी एकेकाळी मुंबई किंवा समुद्रापलीकडचा किनारा गाठावा लागे, ती आज जालन्याच्या मुलाला साठ किलोमीटरांवर, संभाजीनगरात, मिळते, धाराशिवच्या उपपरिसरातही व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. ही सिद्धी लहान समजू नका."

"लहान समजत नाही. फक्त तुमच्या सनावळीत एक सन राहिला तो सांगतो," मुनीमजी म्हणाले. "बजाज संस्था पासष्टची म्हणालात ना? त्याच्या आदल्या वर्षी, चौसष्ट साली, बद्रीनारायण बारवाल्यांनी याच गावात महिको काढली."

येथे मुनीमजींचा स्वर बदलला. आणि तो का बदलला हे जालन्याबाहेरच्या वाचकाला कळावे म्हणून सांगतो की महिको, म्हणजे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, ही या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासातील विभाजक रेषा आहे. तिच्यापूर्वीचे जालने सरकीचे, कापसाच्या गठाणींचे आणि निजामी अमदानीतल्या रेल्वेचे, तिच्यानंतरचे बियाण्यांचे. 'जालना सोने का पालना' ही म्हण येथे आल्या-गेल्यास ऐकवली जाते, पण पाळणा ज्याने हलवला त्याचे नाव घेताना लोक म्हण विसरतात. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करणाऱ्या या बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण मिळाले. २०१७ मध्ये ते निवर्तले.

"बियाण्याचा धंदा म्हणजे काय ते ध्यानात घ्या," मुनीमजी सांगू लागले. "कंपनीजवळ जमीन नाही, जमीन शेतकऱ्याची. कंपनी नर-मादीचे मूळ बी देणार, शेतकरी त्याच्या ओळी लावणार, आणि कपाशीच्या फुलातले पुंकेसर आदल्या दिवशी काढून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर परागकण लावण्याचे काम बायामाणसे हाताने करणार, एकेक फूल धरून, हंगामभर. एका सकाळी मजूर आले नाहीत तर तेवढ्या फुलांचे बी गेले. शेजारच्या शेतात त्याच पिकाचे दुसरे वाण असेल तर ठरावीक अंतर सोडावे लागते. म्हणजे नुसत्या तुमच्या शेतकऱ्याला नव्हे, त्याच्या भाऊबंदाला, ज्याच्याशी त्याचा बांधावरून दावा चालू आहे त्यालाही राजी करावे लागते. पुढे बियाण्याची उगवण तपासायची, शुद्धता तपासायची, आणि नापास झाले तर ज्याने सहा महिने घाम गाळला त्याच्या तोंडावर तसे सांगायचे. आणि एवढे होऊनही पुढच्या हंगामी तोच शेतकरी पुन्हा तुमच्या दारात आला पाहिजे. हे कोणत्या सत्रात शिकवता?"

प्राध्यापक काही क्षण गप्प राहिले. मला वाटले, आता ते एखादे इंग्रजी पारिभाषिक नाव सांगून वेळ मारून नेतील. कारण या शास्त्राजवळ प्रत्येक गोष्टीला नाव आहे, आणि नाव देता आले म्हणजे गोष्ट समजली असा भ्रम त्यातून फार लवकर उत्पन्न होतो. पण तसे झाले नाही.

"शिकवीत नाही," ते म्हणाले. "निदान असे नाही. पण मुनीमजी, आता मीही एक सन सांगतो. २००२ साली बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसाला सरकारी परवानगी मिळाली, आणि ती मिळवली महिको-मोन्सँटोने. त्यानंतर बियाण्याच्या पिशवीत बियाण्याबरोबर परवाना आला, स्वामित्वशुल्क आले, पेटंट आले. पुढे कपाशीच्या बियाण्याचा भाव सरकारी हुकमाने ठरू लागला आणि त्यावरून कंपन्या न्यायालयात गेल्या. चौसष्ट साली एका माणसाची पारख पुरली. आज त्या पिशवीवरचे चार करार वाचण्यासाठी जो माणूस लागतो, तो गादीवर तयार होत नाही. आपल्या पेढीची तिसरी पिढी आज काय करते?"

प्रश्न थोडा निर्दय होता. मुनीमजींची पेढी कित्येक वर्षांपूर्वी बंद झाली हे प्राध्यापकांना ठाऊक नसावे, किंवा असावे.

"पेढी राहिली नाही," मुनीमजी शांतपणे म्हणाले. "शेटजींनी मुलाला मोठ्या हौसेने धंद्यात बसवले. हुशार होता. पण आपण भाव ठरवतो असे त्याला वाटले. भाव आपल्याला ठरवतो हे कळेपर्यंत तीन हंगाम गेले. तुमच्याकडे शिकला असता तर वाचला असता असे मला वाटत नाही. पण गादीवर बसून शिकला होता आणि तरी वाचला नाही, हेही खरेच आहे. आणि माझ्या पक्षाला हे बाधक आहे ते मला दिसते."

मघापासून जालन्याच्या उद्यमशीलतेचे जे गुणगान चालले होते त्याची खरी कसोटी येथे लागली असे मला वाटते. यशस्वी माणसाचे उदाहरण देऊन शाळेची अनावश्यकता सिद्ध करणे ही मोठी सोयीची युक्ती आहे. एका बारवाल्यांच्या नावामागे किती बुडीत पेढ्यांची नावे झाकली जातात याची मोजदाद मोंढाही करीत नाही, आणि अहवालपुस्तिकेला नावे ठेवणारे मुनीमजी या बाबतीत तिच्याहून फारसे वेगळे नव्हते.

"शिवाय," प्राध्यापक आता अधिक मृदू आवाजात बोलत होते, "गादी कोणाला शिकवते? गादी आपल्या मुलाला शिकवते, पुतण्याला शिकवते, फार तर जातभाईच्या मुलाला. मुनीमजी, आपण ज्याला पत म्हणता, ती माणूस कोणत्या घरात जन्मला यावर पहिल्या दिवशी तरी ठरते. ज्याचे घर व्यापाऱ्यांच्या गल्लीतच नाही त्याने व्यापार कोठे शिकायचा? आमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांचीच गोष्ट घ्या. बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. त्या काळी या देशात चलन आणि हुंडणावळ त्यांच्याइतकी जाणणारे किती होते? आणि त्यांचे चरित्रकार सांगतात की परदेशातून पहिल्यांदा परतल्यावर त्यांनी भागभांडवलाच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, पण सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि व्यवसाय गुंडाळावा लागला. ज्ञान होते, सचोटी होती, गरज होती. मोंढ्याने पत दिली नाही. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुढे १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय काढले, ते मला वाटते हे विसरले नव्हते म्हणून. माझ्या वर्गात आज जी मुले बसतात त्यांतल्या अनेकांच्या घरी सात पिढ्यांत कोणी काटा धरलेला नाही. त्यांच्यासाठी पेढी म्हणजे आमचा विभागच."

मुनीमजी बराच वेळ बोलले नाहीत. रस्त्यावरून सळयांनी भरलेल्या मालमोटारींचा एक ताफा औद्योगिक वसाहतीकडून येत होता, त्याच्या खडखडाटात बोलणे शक्यही नव्हते.

"याला माझ्याजवळ उत्तर नाही," अखेर ते म्हणाले. "येथल्या जेईएस महाविद्यालयाचे पूर्ण नाव वाचले आहे का कधी? कला, वाणिज्य, विज्ञान, तिन्ही शाखांना देणगीदारांची नावे दिलेली आहेत. शिक्षणाला पैसा द्यायला व्यापाऱ्याने हात आखडला नाही. पण महाविद्यालयाला देणगी देणे वेगळे आणि आपल्या गादीच्या कडेला परक्या मुलाला बसवून घेणे वेगळे. ते आम्ही केले नाही. बरे, आता माझे ऐका. तुमची पेढी उघडी आहे, मान्य. पण तिच्यात माल कोठला आहे? या पुस्तिकेत कंपन्यांच्या ज्या उदाहरणांचा अभ्यास करवून घेतल्याचे लिहिले आहे त्यांत एक अमेरिकेतली शीतपेयाची, एक जपानातली मोटारींची, एक बंगळूरची. जालन्याची एकही नाही. पाच एकरांच्या पोराला तुम्ही दार उघडले, पण आत नेऊन दाखवलेत ते डेट्रॉइट."

मला हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा वाटला आणि प्राध्यापकांनाही वाटला असावा, कारण त्यांनी बचाव केला नाही. त्यांनी हार्वर्डचीच हकिकत सांगितली. त्या विद्यालयाने उदाहरणांवरून शिकवण्याची जी पद्धत जगभर रूढ केली, तिच्यातले पहिले छापील उदाहरण १९२१ चे असून ते पादत्राणे करणाऱ्या एका कारखान्याविषयी आहे. आणि त्यातला प्रश्न इतकाच की कामाची वेळ संपण्याच्या कितीतरी आधी कामगार हात धुण्यास का निघून जातात. कोणताही गहन सिद्धान्त नाही. कोणीतरी कारखान्यात जाऊन, उभे राहून, पाहून लिहिले, एवढेच. "आपल्याकडेही झाले आहे," ते पुढे म्हणाले. "अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई, संचालकपद सोडल्यावर ते राजस्थानातल्या जवाजा या दुष्काळी भागात गेले, आणि विणकर व चामड्याचे काम करणारे यांच्याबरोबर बसून त्यांनी व्यवस्थापन म्हणजे काय याचा पुन्हा पहिल्यापासून विचार केला. १९७५ ची गोष्ट. जालन्यात त्याहून काय कमी आहे?"

आणि मग, ज्यांनी आतापर्यंत एकमेकांस पेचात पकडण्यात दोन तास घालवले होते, त्या दोघांनी मिळून जालन्यात लिहिण्याजोगे काय आहे याची यादी चढाओढीने सुरू केली; तो भाग मला वादापेक्षा अधिक रोचक वाटला. बियाण्याचे तर झालेच. भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांचे गणित मुनीमजींनी बोटांवर मांडून दाखवले: भंगार बंदरावरून यायचे, बंदर शेकडो किलोमीटर दूर, विजेचा दर प्रहराप्रहराने बदलणारा, तेव्हा भट्टी केव्हा पेटवायची हा प्रश्न अभियंत्याचा नसून मालकाच्या झोपेचा आहे. जालन्याच्या कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ च्या डिसेंबरात झाली. ते पूर्णपणे चालू झाले तर त्या गणितातली वाहतुकीची रक्कम कशी बदलेल, हे एखाद्या विद्यार्थ्याने आजच मांडून ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. प्राध्यापकांनी रेशीमकोशांचा दाखला दिला: २०१८ साली जालन्यात कोशांची बाजारपेठ उघडेपर्यंत येथला शेतकरी पोती घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात असे, कोश वाटेत वजनाला उतरतो, आणि फारच उशीर झाला तर आतला पतंग तो फोडून बाहेर पडतो, म्हणजे माल डोळ्यांदेखत मातीमोल. बाजार जवळ आल्याने यातले नेमके काय वाचले, भाडे, वजन, की घासाघीस करण्याचे बळ? जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाने बागाईतदाराच्या पट्टीवर किती रुपये वाढले, आणि कडत्यात किती गेले? कडवंची गावचे पाणलोटाचे काम पाहण्यास दूरदूरचे लोक येतात आणि बांध मोजून जातात. पाणी आल्यावर द्राक्षबागेसाठी जे कर्ज उचलावे लागले त्याचे हप्ते गावाने कसे पेलले, हे कोणी विचारले का?

येथे मला याच जिल्ह्यातल्या भोकरदनची आठवण झाली आणि मी ती बोलून दाखवली, कारण इतक्या वेळ गप्प राहणे माझ्या स्वभावास जड जात होते. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांचे जे लेख कोरलेले आहेत त्यांत या गावच्या लोकांची नावे आढळतात. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो अवशेष निघाला त्याचे साम्य थेट इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी दाखवले जाते. दोन हजार वर्षांपूर्वी येथल्या माणसाने एवढा पैसा मिळवला की शेकडो मैलांवर दगडात नाव कोरवून घ्यावे. पण मिळवला कसा, कोणत्या वाटेने माल गेला, कोणी उधार दिले, कोणाचे बुडाले, याची एक ओळ शिल्लक नाही. दानाची नोंद झाली, व्यापाराची नाही.

"तेच ते," मुनीमजी म्हणाले, "जमेची बाजू तेवढी दगडावर."

"मग आपण सुरुवात करू," प्राध्यापकांनी संधी साधली. "कारखान्यातल्या जागा राहू द्यात, तेथे मुलांना हजेरीपट लिहायला बसवतात. मला दोन विद्यार्थी आपल्याजवळ बसवायचे आहेत. आपल्या पेढीच्या वह्या अजून आपल्या घरी आहेत असे ऐकतो. त्या तीन हंगामांचे उदाहरण लिहू द्या."

मुनीमजींच्या कपाळावर आठी पडली. "शेटजींचे घर अजून याच गावात आहे."

"नावे बदलू. हार्वर्डवालेही बदलतात."

"नावे बदलाल. आकडे कसे बदलणार? सरकीचा त्या साली काय भाव फुटला आणि कोणाच्या गोदामात किती पोती अडकली, हे वाचल्यावर मोंढ्यातले शेंबडे पोरही नाव सांगेल." ते थोडे थांबले. "शेटजींच्या नातवाला विचारावे लागेल. तो तुमच्यासारखाच कोठे तरी शिकवतो म्हणे. त्याने हो म्हटले तर दिवाळीच्या पाडव्यानंतर या. त्याआधी वही दप्तरातून काढायची नाही, हा रिवाज आहे."

"दिवाळीनंतर आमच्या सत्रपरीक्षा असतात, मुनीमजी. मुले मिळणार नाहीत."

"मग परीक्षा पुढे ढकला," मुनीमजी म्हणाले, आणि पुस्तिका घडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.